सहलीचे अंदाजपत्रक

केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यास रजा प्रवास सवलतीखाली चार वर्षांच्या कालखंडात एकदा भारतात कोठेही सहकुटुंब जाता येते. तथापि १९८८ च्या नियमांनुसार भरपाई मिळते ती प्रवासभाड्याची. निवास, भोजन व स्थानिक वाहने यांचा भार कुटुंबावरच पडतो. हिशेब चुकतो तो येथेच, कारण हे खर्च दिवसागणिक वाढत जातात. यास्तव हाती असलेली रक्कम प्रथम निश्चित करावी. समजा, ती २०,००० रुपये आहे. आकस्मिक खर्चासाठी २,००० रुपये बाजूस ठेवल्यास १८,००० उरतात. दैनिक खर्च ३,००० रुपये धरल्यास मुक्काम ६ दिवसांचाच होऊ शकतो. दिवस आधी ठरवून मग पैसा शोधणाऱ्या कुटुंबास परतल्यावर मुलांच्या शाळेच्या शुल्कासाठी उसनवारी करावी लागते.