हरल्यावर उरलेले मोजावे



गेल्या महिन्यात आमच्या केंद्राच्या क्रीडा स्पर्धा झाल्या. खो-खोच्या शेवटच्या सामन्यात आमच्या मुलींची गाठ शेजारच्या गावच्या शाळेशी पडली. मागच्या वर्षीही त्यांनीच आम्हाला हरवले होते. माझी ताई सहावीत आहे. ती संघात होती आणि मी ओरडायला होतो. घसा बसेपर्यंत ओरडलो, पण आम्ही एका गुणाने हरलो. त्यांची मुले आमच्या गाडीमागे "हरले रे हरले" करीत पळाली. ताई म्हणाली, "मी आता खेळणारच नाही." मी रात्री जेवलो नाही. आजी म्हणाली, "खेळली ती, अन् उपाशी तू काहून ऱ्हायला रे?"

दुसऱ्या दिवशी वर्गात कोणीच बोलेना. तेव्हा गुरुजींनी 2025 च्या महिला विश्वचषक क्रिकेटचा तक्ता फळ्यावर लिहिला. तो मी वहीत उतरवून घेतला.

9 ऑक्टोबर – दक्षिण आफ्रिकेकडून 3 गडी राखून हार
12 ऑक्टोबर – ऑस्ट्रेलियाकडून 3 गडी राखून हार
19 ऑक्टोबर – इंग्लंडकडून 4 धावांनी हार

इंग्लंडचा सामना मी शेजारच्या काकांकडे टीव्हीवर पाहिला होता. सांगलीच्या स्मृती मानधनाने 88 धावा केल्या, तरी आपण हरलो. काकांनी टीव्ही बंद केला आणि म्हणाले, "संपलं सगळं."

गुरुजींनी विचारले, "खरेच संपले होते का? मोजा." मग आम्ही मोजले. प्रत्येक संघाला 7 सामने होते. आपले 5 झाले होते. पहिले 2 जिंकल्यामुळे 4 गुण होते. म्हणजे 2 सामने उरले होते. आठ संघांतून चार पुढे जाणार होते. पुढचा सामना न्यूझीलंडशी होता, आणि त्यांचेही 4 गुणच होते. गुरुजी म्हणाले, "हरल्यावर आपण गेलेले मोजत बसतो. उरलेले मोजले की आशा कुठे आहे ते दिसते."

23 ऑक्टोबरला भाऊबीज होती. त्या दिवशी नवी मुंबईत भारताने न्यूझीलंडला हरवले. मुंबईच्या जेमिमा रॉड्रिग्जला इंग्लंडविरुद्ध संघाबाहेर बसवले होते. तिने या सामन्यात नाबाद 76 धावा केल्या. मग 30 ऑक्टोबरला उपांत्य सामन्यात पुन्हा ऑस्ट्रेलियाच समोर आली. त्यांनी 338 धावा केल्या. जेमिमा नाबाद 127 राहिली आणि आपण 5 गडी राखून जिंकलो. 2 नोव्हेंबरला दक्षिण आफ्रिकेला 52 धावांनी हरवून भारताच्या मुलींनी पहिल्यांदाच विश्वचषक जिंकला. ज्यांनी हरवले होते, त्यातल्या दोघांना त्याच महिन्याभरात हरवले.

मी उभा राहून विचारले, "गुरुजी, पण आमचा तर शेवटचाच सामना होता. काहीच उरले नाही तर?"

गुरुजी म्हणाले, "मग वर्षे मोजायची." 2017 साली लंडनच्या लॉर्ड्स मैदानावर भारत इंग्लंडकडून अंतिम सामना 9 धावांनी हरला होता. स्मृती त्या दिवशी शून्यावर बाद झाली होती. 2022 च्या विश्वचषकात तर आपण उपांत्य फेरीतही गेलो नाही. तरी स्मृती, हरमनप्रीत आणि दीप्ती खेळत राहिल्या. 2025 च्या अंतिम सामन्यात तिघीही होत्या. दीप्तीने 5 गडी बाद केले आणि शेवटचा झेल हरमनप्रीतने घेतला.

घरी जाऊन मी ताईला आमचे उरलेले मोजून दाखवले. तिचे सातवीचे एक वर्ष उरले आहे. संघातल्या 12 पैकी 7 मुली पुढच्या वर्षी शाळेतच आहेत. ताई काही बोलली नाही. वडील ऐकत होते. सप्टेंबरच्या पावसात आमची कपाशी पाण्यात गेली, तेव्हा ते दोन दिवस गप्प होते. मग म्हणाले होते, "रान तर हाये ना जाग्यावर. वाफसा आला की हरभरा टाकू." आता त्या हरभऱ्याला घाटे लागले आहेत. कपाशीचे पैसे काही परत आले नाहीत, पण रान मोकळे राहिले नाही.

चार दिवसांनी ताई मैदानावर आली. मी खेळत नाही, पण रोज सायंकाळी फक्की टाकून रेषा आखून देतो. पुढच्या वर्षी आम्ही जिंकूच असे मी म्हणत नाही. पण ओरडायला मी असणार. आणि जिंकलो तर त्यांच्या गाडीमागे पळायचे नाही, असे आम्ही ठरवले आहे. हरल्यावर कसे वाटते ते आम्हाला माहीत आहे.

स्वाध्याय
1. 50 षटकांत 339 धावा करायच्या, तर एका षटकात साधारण किती धावा हव्यात?
2. 2017 ची हार आणि 2025 चा विजय यांत किती वर्षे गेली?
3. आपला संघ हरला तर दुसऱ्या दिवशी तुम्ही काय कराल? (पालकांनीही उत्तर सांगावे.)