जलविद्युत प्रकल्पाचा ईआयए : रेषा कुठे आखायची?

'एन्व्हायर्नमेंटल स्टडीज'च्या पेपरात "ईआयएवर टीप लिहा" हा प्रश्न हमखास असतो. आपण चार पायऱ्या पाठ करतो, एक फ्लो चार्ट काढतो आणि मार्क घेऊन मोकळे होतो. पण आपल्यापैकी काही जण उद्या धरणाच्या साइटवर असतील, काही कन्सल्टन्सीत असतील आणि कोणाची तरी सही अशा रिपोर्टवर असेल. म्हणून ही टीप जरा सविस्तर समजून घेऊ या. उदाहरणे आपल्याच देशातली आहेत, कारण वीजही हवी आणि नदीही हवी, ही ओढाताण आपल्याकडे रोजची आहे.

थोडा इतिहास

ईआयए म्हणजे पर्यावरणीय आघात मूल्यांकन. प्रकल्प बांधण्याआधी त्याचे हवा, पाणी, जमीन, जंगल आणि माणसे यांच्यावर काय परिणाम होतील, याचा अंदाज घ्यायचा, ते कमी कसे करता येतील ते सांगायचे आणि मग परवानगी द्यायची की नाही ते ठरवायचे. यातला 'आधी' हा शब्द सर्वांत महत्त्वाचा.

कोयना धरण बांधले तेव्हा अशी पद्धत नव्हती. धरणात पाणी साठू लागल्यावर परिसरात धक्के जाणवू लागले आणि ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे मोठा भूकंप झाला. सुमारे १८० माणसे गेली. जलाशयामुळे भूकंपाला चालना मिळू शकते, याचे हे जगभर अभ्यासले गेलेले उदाहरण आहे. प्रकल्पाचा परिणाम प्रकल्पानंतर कळला, असा त्याचा अर्थ.

१९७६-७७ मध्ये नियोजन आयोगाने नदीखोरे प्रकल्प पर्यावरणाच्या दृष्टीने तपासण्याचे काम विज्ञान व तंत्रज्ञान विभागाकडे दिले. तेव्हा कायद्याचे बंधन नव्हते. १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखाली २७ जानेवारी १९९४ रोजी पहिली ईआयए अधिसूचना निघाली. १९९७ मध्ये जनसुनावणी सक्तीची झाली. १४ सप्टेंबर २००६ रोजी नवी अधिसूचना आली. पुढे तिच्यात बऱ्याच दुरुस्त्या झाल्या, पण मूळ सांगाडा तोच राहिला.

चार पायऱ्या

पहिली स्क्रीनिंग, म्हणजे प्रकल्पाची चाळणी. २००६ च्या मूळ अधिसूचनेत ५० मेगावॅट किंवा जास्त क्षमतेचा जलविद्युत प्रकल्प 'अ' गटात होता. 'अ' गटातला प्रकल्प केंद्राकडे जातो. २५ ते ५० मेगावॅटमधला 'ब' गटात होता. 'ब' गटातला राज्य पातळीवर तपासला जातो. २५ मेगावॅटच्या खाली ही मंजुरी लागतच नाही.

दुसरी स्कोपिंग. रिपोर्टमध्ये काय काय तपासायचे, याची यादी तज्ज्ञ समिती ठरवून देते. तिसरी लोकांशी सल्लामसलत. राज्याचे प्रदूषण नियंत्रण मंडळ किमान ३० दिवसांची नोटीस देऊन प्रकल्पाच्या जागी किंवा जवळपास जनसुनावणी घेते. चौथी अप्रेझल. समिती अंतिम रिपोर्ट आणि सुनावणीचे इतिवृत्त वाचून शिफारस करते.

परीक्षेत चारही पायऱ्यांना सारखेच मार्क मिळतात. प्रत्यक्षात सगळा खेळ स्कोपिंगमध्ये ठरतो. जे यादीत नाही ते कोणी मोजत नाही आणि जे मोजलेच नाही त्याबद्दल सुनावणीत कोणाला आकडे दाखवता येत नाहीत. त्यात भर म्हणजे रिपोर्ट तयार करणाऱ्या कन्सल्टंटचे पैसे प्रकल्पवालाच देतो.

नदीचे नेमके काय होते?

हिमालयातले बरेच प्रकल्प 'रन-ऑफ-द-रिव्हर' प्रकारचे आहेत. कोयनेसारखा मोठा जलाशय नसतो, म्हणून ते निरुपद्रवी वाटतात. पण पाणी धरणापाशी बोगद्यात शिरते आणि कित्येक किलोमीटर खाली पॉवर हाऊसपाशी बाहेर येते. मधला नदीचा पट्टा कोरडा पडू शकतो. मासे, काठावरचे पाणवठे, गावातली स्मशानघाटाची जागा, सगळे याच पट्ट्यात असते.

म्हणून थोडे पाणी नदीत सोडावेच लागते. त्याला पर्यावरणीय प्रवाह म्हणतात. गंगेच्या वरच्या भागासाठी ऑक्टोबर २०१८ मध्ये केंद्राने प्रमाण ठरवले : नोव्हेंबर ते मार्च २० टक्के, ऑक्टोबर, एप्रिल व मे २५ टक्के आणि जून ते सप्टेंबर ३० टक्के.

आता एक सोपे गणित करू. समजा, हिवाळ्यात नदीत सेकंदाला १० घनमीटर पाणी आहे. २० टक्के म्हणजे २ घनमीटर सोडायचे. हेड ४०० मीटर, कार्यक्षमता ०.९ धरू.

शक्ती = ९.८१ × २ × ४०० × ०.९ = सुमारे ७,०६० किलोवॅट

म्हणजे ७ मेगावॅट. दिवसाला जवळजवळ १ लाख ७० हजार युनिट. नदीत पाणी सोडायला कंपन्या का काचकूच करतात ते या एका ओळीत कळते. म्हणून रिपोर्टमध्ये नुसते "पुरेसा प्रवाह सोडला जाईल" असे लिहून चालत नाही. किती, कोणत्या महिन्यात, कोणत्या गेटमधून आणि मोजणार कोण, हे सगळे लिहिलेले हवे.

दुसरी गोष्ट पीकिंगची. संध्याकाळी विजेची मागणी वाढते, तेव्हा साठवलेले पाणी सोडून टर्बाइन चालवतात. मागणी नसेल तेव्हा साठवतात किंवा दार उघडून सोडून देतात. त्यामुळे खालच्या नदीची पातळी दिवसात अनेकदा बदलते. ८ जून २०१४ रोजी हिमाचलात बियास नदीत हैदराबादच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजचे २४ विद्यार्थी बुडाले. टूरवर आलेली मुले नदीच्या दगडांवर फोटो काढत होती आणि वरच्या १२६ मेगावॅटच्या लारजी प्रकल्पातून अचानक पाणी सोडले गेले. आपल्याच वयाची मुले. भोंगा, पाटी, कुंपण, गेट उघडण्याचा क्रम या साध्या वाटणाऱ्या बाबी ईआयएच्या आपत्ती व्यवस्थापन प्रकरणात का असायला हव्यात, याचे दुसरे उदाहरण द्यायची गरज नाही.

याशिवाय बोगद्यातून निघणारा दगड-मातीचा ढिगारा, सुरुंगांमुळे आटणारे झरे, रस्त्यांमुळे सुटणाऱ्या दरडी हे आहेच.

तीस्ता-३ ची गोष्ट

सिक्कीममध्ये लाचेन आणि लाचुंग या नद्या चुंगथांग गावापाशी एकत्र येतात आणि तिथून तीस्ता पुढे जाते. तिथेच १,२०० मेगावॅटच्या तीस्ता-३ प्रकल्पाचे ६० मीटर उंचीचे रॉकफिल धरण होते.

खालच्या बाजूच्या तीस्ता-५ ला १९९९ मध्ये मंजुरी देताना केंद्राने एक चांगली अट घातली होती. सगळ्या खोऱ्याची वहनक्षमता तपासून होईपर्यंत सिक्कीममधल्या दुसऱ्या प्रकल्पाचा विचार करायचा नाही. म्हणजे एकेक धरण सुटे न बघता नदी अखंड बघायची. तो अभ्यास पूर्ण होण्याआधीच २००६ मध्ये तीस्ता-३ ला मंजुरी मिळाली. नंतर आलेल्या अभ्यासाने चुंगथांगच्या वर प्रकल्प नकोत असे सांगितले.

चुंगथांगपासून साठेक किलोमीटर वर, ५,२०० मीटर उंचीवर दक्षिण ल्होनाक हे हिमतळे आहे. हिमनदी वितळत गेली तसे ते वाढत गेले. हे तळे फुटू शकते, असे उपग्रह चित्रांच्या आधारे शास्त्रज्ञांनी २०१३ मध्ये लिहिले. प्रकल्प २०१७ मध्ये सुरू झाला. ३ ऑक्टोबर २०२३ च्या रात्री तळ्याच्या कडेचा सुमारे १ कोटी ४७ लाख घनमीटर राडारोडा पाण्यात कोसळला, लाट उसळली, बांध फुटला आणि सुमारे ५ कोटी घनमीटर पाणी खाली आले. चुंगथांगचे धरण वाहून गेले. खाली तीस्ता-५ चेही नुकसान झाले. पन्नासहून अधिक माणसे दगावली आणि अनेक बेपत्ता झाली.

इथे दोन रेषा लक्षात घ्या. पहिली जागेची. आपल्याकडे बारकाईची मोजणी साधारणपणे प्रकल्पाभोवतीच्या १० किलोमीटरच्या वर्तुळात होते. धोका त्याच्या सहापट अंतरावर होता. दुसरी काळाची. मंजुरीनंतर दर सहा महिन्यांनी अहवाल द्यावा लागतो, पण त्यात आधी घातलेल्या अटी पाळल्या का, एवढेच विचारतात. मंजुरीनंतर नवा धोका दिसू लागला, तर जुना रिपोर्ट पुन्हा उघडा असे कोणाला सांगावे लागत नाही.

आणि लहान प्रकल्प म्हणजे लहान धोका, असेही नाही. ७ फेब्रुवारी २०२१ रोजी उत्तराखंडमधल्या पुरात ऋषिगंगेवरचा १३.२ मेगावॅटचा प्रकल्प नष्ट झाला. त्याच पुराने खालच्या ५२० मेगावॅटच्या तपोवन-विष्णुगाड प्रकल्पाच्या बोगद्यात कामगार अडकले. मेगावॅट हे विजेचे माप आहे, धोक्याचे नव्हे. पण चाळणी मात्र त्यावरच लावली जाते.

रिपोर्ट हातात आला तर

१. अभ्यासक्षेत्राची रेषा कुठे आखली आहे आणि नदी ती रेषा मानते का?
२. त्याच नदीवर वर-खाली आणखी किती प्रकल्प आहेत? सगळ्यांचा मिळून परिणाम कोणी मोजला आहे का?
३. पाण्याचे आकडे किती वर्षांचे आहेत? पावसाळा आणि हिवाळा दोन्ही आहेत का?
४. डिझाइन पूर ठरवताना फक्त पाऊस धरला आहे, की हिमतळे फुटण्याचाही विचार आहे?
५. सुनावणीत गावकऱ्यांनी विचारलेल्या प्रश्नाला अंतिम रिपोर्टमध्ये खरे उत्तर आहे, की "नोंद घेतली" एवढेच?

जानेवारी २०२५ मध्ये केंद्राच्या तज्ज्ञ समितीने चुंगथांगला पुन्हा धरण बांधायची शिफारस केली. या वेळी काँक्रीटचे, सुमारे ११८ मीटर उंच. स्थानिक लोकांचा त्याला विरोध आहे. वीज हवी हे खरे, आणि जलविद्युतमध्ये कोळसा जळत नाही हेही खरे. पण जास्त मजबूत धरण हे इंजिनिअरिंगचे अर्धेच उत्तर झाले. उरलेले अर्धे वरच्या ६० किलोमीटरमध्ये आहे.

तेव्हा पुढच्या वेळी पेपरात ईआयएची टीप आली, की चार पायऱ्या जरूर लिहा. पण नोकरी लागल्यावर पहिल्याच मीटिंगमध्ये कोणी नकाशा पसरला, तर विचारायला लाजू नका : "सर, ही रेषा इथेच का आखली?"