प्रकल्पाचे सादरीकरण : परीक्षकांसमोर जाण्याची तयारी

मागील घटकात आपण प्रकल्प-अहवालाच्या लेखनाचा अभ्यास केला. तो अहवाल परीक्षकांसमोर कसा मांडावा, याचा विचार आता करावयाचा आहे. उदाहरणादाखल ‘जात्यावरील ओव्या : संकलन व अभ्यास’ हा विषय घेऊ.

१. आशयाची निवड

समजा, सादरीकरणास १० मिनिटे मिळाली आहेत. मिनिटाला सुमारे १०० शब्द अशा सावकाश गतीने बोलल्यास केवळ १,००० शब्द मांडता येतात. म्हणून संपूर्ण अहवाल वाचून दाखविण्याचा मोह टाळावा. अभ्यासप्रश्न, संकलनाची पद्धत, दोन-तीन ओव्यांचे विश्लेषण आणि निष्कर्ष एवढाच आराखडा ठेवावा. निम्मा वेळ विश्लेषणास द्यावा. आपली अभ्यासदृष्टी तेथेच प्रकट होते.

२. पूर्वसूरींचे कार्य आणि आपली भर

साने गुरुजींनी ‘स्त्रीजीवन’मध्ये ओव्या संकलित केल्या. हेमा राईरकर व गी पॉइतवाँ यांच्या प्रकल्पातून एक लाखाहून अधिक ओव्या नोंदल्या गेल्या. मग आपल्या ४० ओव्यांचे मोल काय, असे परीक्षक विचारू शकतात. याचे उत्तर संख्येत शोधू नये. ओवी कोणी, कोणत्या गावी, कोणत्या आठवणीने म्हटली आणि गावात पिठाची गिरणी आल्यावर ती कोठे उरली, ही नोंद हीच आपली भर होय.

३. प्रश्नोत्तरांची तयारी

‘ज्ञानेश्वरीतील ओवी व जात्यावरील ओवी यांत भेद कोणता?’ यासारखे मूलभूत प्रश्न अपेक्षित धरावेत. ग्रंथातील ओवी साडेतीन चरणांची मानली जाते. जात्यावरील ओवी बहुधा दोन ओळींची असून ती दळण्याच्या लयीत घोळवली जाते. उत्तर ठाऊक नसल्यास ‘या अंगाचा अभ्यास मी केलेला नाही’ असे स्पष्ट सांगावे. ओव्या प्रत्यक्ष दळताना नव्हे, तर ओट्यावर बसून सांगितल्या गेल्या असतील, तर ती मर्यादा स्वतःहून नमूद करावी. मर्यादा सांगितल्याने अभ्यास उणा ठरत नाही; लपविल्याने मात्र त्यावरील विश्वास डळमळतो.

४. निवेदिकेचा शब्द

बोलीतील ओवी ‘शुद्ध’ करून वाचू नये. ‘व्हता’चे ‘होता’ केले की, ज्या स्त्रीने विश्वासाने ओवी दिली, तिचा आवाजच आपण पुसून टाकतो. तिची संमती असल्यास तिचे नाव आरंभीच सांगावे. पदवी आपल्याला मिळणार असली, तरी ज्ञान तिचे आहे. परीक्षकांसमोर वाटणारी भीतीही या जाणिवेने ओसरते. कारण तेथे आपण केवळ स्वतःसाठी बोलत नसतो.

स्वाध्याय

१. आपल्या प्रकल्पाचा निष्कर्ष तीन वाक्यांत लिहा.
२. घड्याळ लावून घरातील एखाद्या व्यक्तीसमोर सादरीकरण करा व तिला न समजलेला भाग पुन्हा लिहा.
३. ज्या प्रश्नाची आपल्याला सर्वाधिक धास्ती वाटते, त्याचे उत्तर प्रथम तयार करा.