तलावाकाठचा मुक्काम : शेंडी की रतनवाडी?

स्वतःचे वाहन न घेता दोन-तीन दिवस पायी भटकावयाचे, तर मुक्कामाचे गाव कोणते निवडावे? भूगोलाचा विद्यार्थी या नात्याने मी हा प्रश्न भंडारदऱ्यापुरता मांडतो. प्रवरेवरील विल्सन धरण १९२६ मध्ये पूर्ण झाले व त्यामागे आर्थर सरोवर पसरले. धरणालगत शेंडी, तर सरोवराच्या दुसऱ्या टोकाला रतनवाडी.

कसोट्या तीन : एस.टी., पायवाट आणि रात्रीचे जेवण.

पहिल्या व तिसऱ्या कसोटीला शेंडी उतरते. रेल्वेने इगतपुरीस येऊन घोटीमार्गे एस.टी.ने तेथे जाता येते, खाणावळीही आहेत. कळसूबाईच्या (१६४६ मीटर) पायथ्याचे बारी गाव याच मार्गावर लागते. रतनगड मात्र दूर राहतो.

दुसऱ्या कसोटीला रतनवाडी सरस. अमृतेश्वराच्या प्राचीन देवळापासून निघणारी वाट ओढ्याकाठाने, पुढे लोखंडी शिड्यांनी गडावर चढते. परंतु तेथे गाड्या मोजक्या. परतीची चुकली तर सरोवराला वळसा घालून लांबची पायपीट पदरी पडते. जेवणही आधी सांगून ठेवावे.

म्हणून माझे मत असे : एकच रात्र असेल तर शेंडी. दोन असतील तर पहिली शेंडीत काढून तेथेच परतीच्या गाडीची चौकशी करावी आणि दुसरी रतनवाडीत काढावी. ऐन पावसात शिड्यांच्या वाटेला जाऊ नये. पायी आलेल्या पाहुण्याचे चार पैसे गावातच राहतात, हाही लाभ थोडा नव्हे.