देवाचे वागणे समजत नाही तेव्हा
(बायबल-अभ्यास : संदेष्टा हबक्कूक, अध्याय १ ते ३)



"फादर, ही देवाची इच्छा होती का?" हा प्रश्न प्रत्येक धर्मगुरूला ऐकावा लागतो. कधी दफनविधीनंतर, कधी दवाखान्याच्या व्हरांड्यात, तर कधी पीक बुडालेल्या शेताच्या धुऱ्यावर. प्रश्न विचारणारा बहुधा नास्तिक नसतो. उलट देवावर विश्वास आहे म्हणूनच तो विचारतो. देव नाहीच असे मानणाऱ्याला देवाला जाब विचारण्याचे कारण नसते.

आपल्या भंडारा जिल्ह्याने हा प्रश्न अलीकडच्या काळात दोनदा फार जवळून पाहिला. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेला महापूर आला. कोरोनाचे दिवस होते, माणसे आधीच धास्तावलेली होती. मध्य प्रदेशात नदीच्या वरच्या भागात अतिवृष्टी झाली. सिवनी जिल्ह्यातील संजय सरोवर आणि इतर धरणांतून पाणी सोडण्यात आले आणि भंडारा शहरातील वस्त्यांत व काठच्या गावांत पाणी शिरले. रोवणी झालेले धान बांधीतच बुडाले. त्यानंतर साडेचार महिनेही झाले नव्हते, तोच ९ जानेवारी २०२१ रोजी मध्यरात्रीनंतर जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या नवजात शिशू कक्षात आग लागली. तिथे सतरा बाळे होती. सात वाचली, दहा गेली.

अशा वेळी तीन उत्तरे लगेच तयार असतात. पहिले : "कुणाच्या तरी पापाची ही शिक्षा." दुसरे : "देवाला छोटी फुले आवडली, म्हणून त्याने ती नेली." तिसरे : "देव वगैरे काही नाही." ही तिन्ही उत्तरे एकमेकांच्या विरुद्ध दिसतात, पण त्यांच्यात एक साम्य आहे. तिन्ही फार घाईची आहेत. पवित्र शास्त्र अशी घाई करत नाही, हे आज आपण हबक्कूक संदेष्ट्याच्या पुस्तकातून पाहू. पुस्तक अवघ्या तीन अध्यायांचे आहे. 'क' वर्षाच्या सामान्य काळातील सत्ताविसाव्या रविवारी पहिले वाचन याच पुस्तकातून येते.

१. तक्रार करणारा संदेष्टा

हबक्कूक ख्रिस्तपूर्व सातव्या शतकाच्या अखेरीस यहूदात होऊन गेला. देशात अन्याय माजला होता, कायदा लुळा पडला होता आणि दुर्जन सज्जनाला घेरत होते. इतर संदेष्टे देवाच्या वतीने लोकांशी बोलतात. हबक्कूक मात्र सुरुवातच लोकांच्या वतीने देवाशी बोलून करतो. मी किती काळ हाक मारायची आणि तू किती काळ ऐकायचे नाहीस, अशी त्याची तक्रार आहे (१:२-४).

लक्षात घ्या, देव त्याला गप्प करत नाही आणि 'असे विचारणे पाप आहे' असेही सांगत नाही. ख्रिस्तसभेने ही तक्रार पवित्र शास्त्रात जपून ठेवली आणि ती रविवारच्या मिस्सामध्ये मोठ्याने वाचायला लावली. म्हणून दुःखात असलेल्या माणसाने देवासमोर रडून जाब विचारला, तर त्याचा विश्वास कमी झाला असे समजू नये. ती विश्वासाचीच भाषा आहे.

२. प्रश्नापेक्षा अवघड उत्तर

देव उत्तर देतो, पण ते ऐकून हबक्कूक अधिकच गोंधळतो. मी खास्दी लोकांना उठवीत आहे, असे देव सांगतो (१:५-६). म्हणजे बाबेलचे सैन्य! घरात चोर शिरल्याची तक्रार करावी आणि ठाणेदाराने दरोडेखोर पाठवतो म्हणावे, तसे हे झाले. संदेष्टा पुन्हा विचारतो : तू पवित्र आहेस, मग आमच्यापेक्षा वाईट माणसे आम्हाला गिळत असताना तू पाहत कसा राहतोस (१:१२-१३)?

पुढचा इतिहास आपल्याला माहीत आहे. बाबेलने यरुशलेम उद्ध्वस्त केले आणि लोक बंदिवासात गेले. ख्रिस्तपूर्व ५३९ मध्ये पारसाचा राजा कोरेश याने बाबेल जिंकले आणि बंदिवानांना घरी जाण्याची परवानगी दिली. इस्राएलच्या देवाला न ओळखणाऱ्या या परक्या राजाला यशयाच्या पुस्तकात देवाचा अभिषिक्त म्हटले आहे (यशया ४५:१). हे कुणाच्या स्वप्नातही आले नसते. हबक्कूकाला मात्र कोरेशाचे नाव सांगितले गेले नाही. नदीचे एवढे मोठे वळण त्याच्या नजरेपलीकडे होते.

कारध्याच्या पुलावर उभे राहून वैनगंगा पाहणाऱ्याला पुलाखालचे पाणी दिसते. सिवनी जिल्ह्यातल्या मुंडारा गावाजवळचा तिचा उगम तिथून दिसत नाही आणि पुढे वर्धेला मिळून ती प्राणहिता होते, तेही दिसत नाही. आपले आयुष्यही असेच आहे. आपण एका पुलावर उभे असतो. तिथून जे दिसते ते खोटे नसते, पण ते सगळेही नसते.

३. 'देव सार्वभौम आहे' म्हणजे काय?

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. देव सार्वभौम आहे याचा अर्थ प्रत्येक घटना त्याने स्वतःच्या हाताने ढकलून घडवली असा नाही. संत थॉमस आक्वायनस 'पहिले कारण' आणि 'दुय्यम कारणे' असा भेद करतात. आपला शेतकरी धान घरी आले की "देवाने दिले" म्हणतो. पऱ्हे टाकणे, रोवणी, निंदण, पाऊस, तलावाचे पाणी, हे सर्वही त्या पिकामागे असतेच. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. देव आपल्या निर्मितीला खरे बळ देतो आणि माणसाला खरे स्वातंत्र्य देतो.

स्वातंत्र्य खरे असेल तर चूक, हयगय आणि पापही शक्य आहे. म्हणून ख्रिस्तसभेची धर्मशिकवण (परिच्छेद ३११) स्पष्ट सांगते की नैतिक वाईटाचे कारण देव प्रत्यक्षपणे नाही आणि अप्रत्यक्षपणेही नाही. तो ते घडू देतो, कारण तो माणसाचे स्वातंत्र्य हिरावून घेत नाही. आणि त्या वाईटातूनही चांगले काढण्याचे सामर्थ्य त्याच्याकडे आहे.

याचा व्यवहारातला अर्थ फार मोठा आहे. जिथे माणसाच्या कामाचा प्रश्न आहे तिथे 'देवाची इच्छा' हे झाकण घालून चौकशी बंद करता येणार नाही. भंडाऱ्याच्या आगीनंतर राज्यातील रुग्णालयांच्या अग्निसुरक्षेची तपासणी करण्याचे आदेश निघाले. अशी तपासणी मागणे, ती नीट होते की नाही यावर लक्ष ठेवणे, पुराच्या सूचना वेळेवर गावापर्यंत पोहोचाव्यात असा आग्रह धरणे, हा अविश्वास नव्हे. ज्या देवाने आपल्याला बुद्धी दिली, त्याच्यावरच्या विश्वासाचाच तो भाग आहे.

४. देवाच्या वतीने बोलण्याचा मोह

१ नोव्हेंबर १७५५ या दिवशी, सर्व संतांच्या सणाला, सकाळी पोर्तुगालमधील लिस्बन शहरात प्रचंड भूकंप झाला. देवळे भाविकांनी भरलेली होती. हजारो माणसे मेली. त्यानंतर येशूसंघीय धर्मगुरू गाब्रिएल मालाग्रिदा यांनी पत्रक काढून सांगितले की हा भूकंप नैसर्गिक कारणांनी झालेला नाही, लोकांच्या पापांमुळे झाला आहे. दुसरीकडे, जगात जे आहे ते उत्तमच आहे असे मानणाऱ्या तत्त्वज्ञांची व्होल्टेअरने १७५९ मध्ये आपल्या 'कॉन्दीद' या कादंबरीत खिल्ली उडवली. एकाला देवाचा हिशेब पाठ होता, दुसऱ्यांना जगाचा. ढिगाऱ्याखालून आपली माणसे काढणाऱ्यांना दोघांचाही उपयोग नव्हता.

प्रभू येशूने असा हिशेब मांडला नाही. शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसे मेली, तेव्हा ती इतरांपेक्षा अधिक पापी होती ही समजूत त्याने साफ नाकारली आणि ऐकणाऱ्यांना स्वतःच्या पश्चात्तापाकडे वळवले (लूक १३:४-५). जन्मांध माणसाविषयीही त्याने तेच केले (योहान ९:१-३). आणि ईयोबाचे मित्र आठवा. सात दिवस ते त्याच्याजवळ गप्प बसले तोपर्यंत ते खरे मित्र होते. देवाची बाजू मांडायला त्यांनी तोंड उघडले आणि शेवटी देवानेच त्यांना सुनावले की ते त्याच्याविषयी योग्य बोलले नाहीत (ईयोब ४२:७). तक्रार करणारा ईयोब देवाच्या जवळचा ठरला, देवाचे वकील मात्र चुकले.

५. बुरुजावर उभे राहणे

मग हबक्कूक काय करतो? तो निघून जात नाही, स्वतः उत्तरही रचत नाही. तो पहाऱ्याच्या जागेवर, बुरुजावर जाऊन उभा राहतो आणि देव काय म्हणतो याची वाट पाहतो (२:१). तिथे त्याला कळते की ठरलेल्या गोष्टीला तिची वेळ आहे, उशीर वाटला तरी थांबायचे आहे आणि नीतिमान माणूस विश्वासाने जगतो (२:३-४). 'का?' याचे उत्तर त्याला पूर्ण मिळत नाही. देव मात्र त्याला भेटतो.

पुस्तकाच्या शेवटी तो एकेक आधार मोजतो : अंजीर, द्राक्षवेल, जैतून, शेत, मेंढरे, गुरे. हे सर्व गेले तरी मी प्रभूमध्ये आनंद करीन, असे तो ठरवतो (३:१७-१८). आपल्याकडे याचा अर्थ होईल : बांधीत धान नाही, उरले त्यावर तुडतुडा बसला, गोठा रिकामा, तलाव कोरडा, आणि तरीही. 'सगळे ठीक होईल' असे हा 'तरीही' म्हणत नाही. 'काहीही झाले तरी तू माझा देव आहेस' असे तो म्हणतो.

आपल्याला हबक्कूकापेक्षा एक गोष्ट अधिक मिळाली आहे, ती म्हणजे क्रूस. शुक्रवारच्या संध्याकाळी एकाही शिष्याला त्यात देवाची योजना दिसली नाही. अम्माऊसच्या वाटेवरचे दोघे तर आशा भूतकाळात टाकूनच बोलत होते (लूक २४:२१). येशूला मारणाऱ्यांचे पाप हे पापच राहिले, देवाने त्याला चांगले म्हटले नाही. पण त्या पापाला शेवटचा शब्द त्याने बोलू दिला नाही. देवाचे सार्वभौमत्व ते हेच. आणि दुःखी माणसासाठी त्याहून महत्त्वाचे हे की, आपल्या देवाने दुःखाचे स्पष्टीकरण वरून पाठवले नाही, तो स्वतः त्या दुःखात उतरला. मुलाचे प्रेत मांडीवर घेतलेली आई त्याच्या स्वतःच्या घरात आहे.

या आठवड्यासाठी

१. हबक्कूकाचे तीन अध्याय घरी एकत्र वाचा. अर्धा तासही लागणार नाही.

२. देवाला विचारायचा राहिलेला एखादा प्रश्न मनात दडपून ठेवला असेल, तर तो प्रार्थनेत स्पष्ट शब्दांत मांडा.

३. आपल्या वस्तीत कुणाचे माणूस, मूल किंवा पीक गेले असेल, तर त्या घरी जा. 'देवाने असे का केले' हे सांगू नका. बसा, ऐका, जमेल ते काम करा. रोवणीला चार हात द्या, मुलांना जेवू घाला, कागदपत्रांसाठी तहसीलला सोबत जा.

४. कुटुंबात चर्चा करा : 'देवाची इच्छा' हे शब्द आपण कधी विश्वासाने वापरतो आणि कधी जबाबदारी टाळण्यासाठी?

प्रार्थना

हे प्रभो, तुझे मार्ग आम्हाला कळत नाहीत आणि कळल्याचे सोंग आम्हाला करायचे नाही. आम्ही रडतो तेव्हा आमच्याजवळ बस. दुसरा रडतो तेव्हा आम्हाला त्याच्याजवळ बसायला शिकव. आमच्या हातातले काम आम्ही तुझ्यावर ढकलू नये आणि तुझ्या हातातले आमचे आयुष्य आम्ही काढून घेऊ नये, अशी कृपा दे. आमेन.