कोटी नव्हे, चेंडू मोजा

आयपीएल सुरू व्हायच्या आधीच्या शनिवारी आमच्या फॅन्टसी लीगचा ड्राफ्ट असतो. जागा मुलुंड पूर्वेतल्या एका सोसायटीचा हॉल. आठ संघ. बोरिवलीहून माझा मावसभाऊ येतो, घाटकोपरहून मेहुणा, अंधेरीहून दोन मित्र. बाकीचे आम्ही मुलुंडकर. चिठ्ठ्या टाकून क्रम लागतो आणि नंबर आला की एक खेळाडू उचलायचा. एकाने उचललेला दुसऱ्याला मिळत नाही. बारा फेऱ्या, आणि दर फेरीला क्रम उलटतो. धावेला एक गुण, बळीला पंचवीस, झेलाला आठ. पैसे लावायचे नाहीत. जो शेवटचा येईल त्याने सगळ्यांना पावभाजी खिलवायची.

गुणांची वही माझ्याकडे असते. त्या वहीत मी एक जादा रकाना पाडला, तो म्हणजे ‘का घेतला’. खेळाडू उचलताना जे तोंडातून निघेल ते तिथे जसंच्या तसं लिहायचं. सुरुवातीला सगळे हसले. पण मोसम संपल्यावर माणसं स्वतःच्या निवडीबद्दल काय सांगतात आणि त्या रात्री ती खरोखर काय बोलली होती, यांत इतकं अंतर पडतं की तो रकाना आता सगळ्यांना नकोसा आणि हवासा, दोन्ही झाला आहे. पुढे जे सांगतोय ते २०२५च्या मोसमाच्या पानांवरून.

मेहुण्याने पहिल्या फेरीत ऋषभ पंत उचलला. कारण: ‘सत्तावीस कोटी!’ एवढंच. उद्गारचिन्हासकट.

नोव्हेंबर २०२४मध्ये जेद्दाहला झालेल्या लिलावात लखनौने पंतसाठी २७ कोटी मोजले, हे सगळ्यांना पाठ आहे. ते २७ झाले कसे, हे फार कमी जणांनी पाहिलं. बोली २०.७५ कोटींवर थांबली होती. दिल्लीने आपला जुना खेळाडू परत घेण्यासाठी ‘राइट टू मॅच’चं कार्ड काढलं. नियमाप्रमाणे लखनौला एकदाच आकडा वाढवायची मुभा होती, आणि दिल्लीला पुन्हा हात वर करता येऊ नये म्हणून त्यांनी थेट २७ सांगितले. म्हणजे वरचे सव्वासहा कोटी हे दिल्लीला हुसकावण्याचे होते, पंतच्या धावांचे नव्हते. शिवाय लखनौला कर्णधार हवा होता. आपल्या वहीत कर्णधारपदाला गुण नाहीत.

वेंकटेश अय्यरचंही तसंच. कोलकात्याने आधीच सहा जणांना कायम ठेवल्यामुळे त्यांच्याकडे ते कार्डच उरलं नव्हतं. आपला माणूस परत हवा तर भर लिलावात बोली लावण्याखेरीज मार्ग नाही, आणि समोरचेही हटेनात. आकडा २३.७५ कोटींवर गेला. मोसमात त्याच्या धावा झाल्या १४२. पंतच्या झाल्या २६९, आणि त्यांतल्या ११८ शेवटच्या साखळी सामन्यात, जेव्हा मेहुणा पावभाजीवाल्याला फोन करून मोकळा झाला होता.

आता इथे घाई करू नका. ‘महागडा खेळाडू घेऊ नये’ असा धडा यातून काढलात तर तोही चुकीचाच. श्रेयस अय्यर २६.७५ कोटींचा होता आणि त्याने ६०४ धावा केल्या. तो ज्याने उचलला त्याचं कारण वहीत आहे: ‘कर्णधार आहे, वर खेळेल, स्वतःला खाली ढकलणार नाही.’ दोन निवडींमधला खरा फरक धावांचा नाही, या दोन ओळींचा आहे. समजा पंत चालला असता, तरी ‘सत्तावीस कोटी’ हे कारण कच्चंच राहिलं असतं. आणि श्रेयस पडला असता तरी दुसरी ओळ मी पक्कीच म्हटली असती. निवड बरी की वाईट हे निकालावरून ठरवायची खोड लागली, की माणूस दर वर्षी गेल्या वर्षीचा संघ उचलतो.

मग बघायचं काय? माझ्या मते एकच गोष्ट: या माणसाला चेंडू किती मिळणार? टी-ट्वेन्टीच्या डावात १२० चेंडू. सलामीवीर टिकला तर त्यातले पन्नास-साठ खाऊ शकतो. सातव्या क्रमांकाचा कितीही मोठा फटकेबाज असो, त्याच्या वाट्याला बऱ्याचदा आठ-दहा येतात. गोलंदाजाला जास्तीत जास्त २४. त्यातही जो शेवटची षटकं टाकतो त्याला बळी मिळायची शक्यता अधिक, कारण तेव्हा फलंदाज जिवावर उदार होऊन फिरवत असतात. गुणवत्ता, फटक्यांचं सौंदर्य, विश्वचषकातला एखादा गाजलेला झेल हे सगळं नंतर. गेल्या मोसमाच्या धावा पाहू नका असं नाही, पण त्या कोणत्या क्रमांकावर खेळून झाल्या आणि यंदा तोच क्रमांक मिळणार आहे का, हे आधी विचारा.

अष्टपैलूंच्या बाबतीत हा प्रश्न दुप्पट महत्त्वाचा. अंधेरीकरांना शिवम दुबे म्हणजे घरचा मुलगा. टी-ट्वेन्टी मुंबई लीगमध्ये तो अंधेरीच्या संघाचा कर्णधारही होता. त्यांनी त्याला तिसऱ्या फेरीत उचलला, कारण: ‘बॅटिंग प्लस बोलिंग.’ पण २०२३पासून इम्पॅक्ट प्लेअरचा नियम आहे. संघ अकराऐवजी बारा जणांनिशी खेळतो, त्यामुळे कामचलाऊ षटकं टाकणाऱ्याची गरजच उरत नाही. चेन्नईने दुबेच्या हाती चेंडू क्वचितच दिला. हे गुपित नव्हतं. या नियमामुळे दुबे आणि वॉशिंग्टन सुंदरसारख्यांना गोलंदाजी मिळत नाही, असं खुद्द रोहित शर्मा २०२४मध्ये जाहीरपणे बोलला होता. दुबेने ३५७ धावा केल्या, म्हणजे वाईट नाही. पण अंधेरीकरांनी अष्टपैलूच्या जागी एक मधल्या फळीतला फलंदाज घेऊन ठेवला होता आणि तो हिशेब त्यांना शेवटपर्यंत जुळवता आला नाही.

याच नियमाचं दुसरं टोक म्हणजे रोहित. मुंबईची आधी गोलंदाजी असली की नाणेफेकीनंतरच्या अकरांत त्याचं नाव बऱ्याचदा नसे, तो बदली खेळाडूंच्या यादीत असे. दर वेळी बोरिवलीहून माझ्या मावसभावाचा फोन: ‘दादा, रोहितला बसवला रे!’ बसवला नव्हता. दुसऱ्या डावात तो सलामीला यायचाच. फक्त झेलांचे गुण बुडायचे.

रोहितवरून आठवलं. बोरिवलीत वाढलेला खेळाडू बोरिवलीकराच्या संघात, हे आमच्याकडे लग्नाच्या गाठीसारखं ठरलेलं असतं, त्यामुळे भाऊ त्याला पहिल्याच फेरीत घेतो. प्रेमापोटी एक जागा खर्ची घालायला माझी हरकत नाही. हा खेळ शेवटी मौजेचा आहे. मौज मोडली ती एप्रिलमध्ये. रोहितचे पहिले पाच डाव असे: ०, ८, १३, १७, १८. एकूण ५६. पाचवा डाव दिल्लीत, १३ एप्रिलला. त्याच सामन्यात समोरून करुण नायरने ४० चेंडूंत ८९ फटकावल्या, त्याही बुमराला झोडपून. दुसऱ्या दिवशी आंबेडकर जयंतीची सुट्टी. भावाने सकाळीच मुलुंडच्या एकाला गाठलं आणि रोहित देऊन करुण नायर घेतला. मी विचारलं, ‘का?’ म्हणाला, ‘फॉर्म बघ ना.’ तेच लिहिलं.

रोहितने मोसमात एकूण ४१८ धावा केल्या, म्हणजे अदलाबदलीनंतर ३६२. करुण नायरच्या त्या ८९ धरून आठ सामन्यांत १९८ झाल्या. म्हणजे उरलेल्या सात सामन्यांत १०९. पाच डाव म्हणजे काहीच नसतं. पाच डावांत कोणीही चांगला दिसतो, कोणीही संपलेला दिसतो. भावाने बघायला हवं होतं ते हे, की रोहित सलामीलाच येतोय ना, संघाने त्याची जागा हलवली आहे का? हलवली नव्हती. करुण नायरला दिल्ली कोणत्या क्रमांकावर आणि किती सामने खेळवणार, हे मात्र कोणालाच ठाऊक नव्हतं. अदलाबदलीच्या आधी एक रात्र मध्ये जाऊ द्यावी, असा नियम आम्ही त्यानंतर केला.

दुखापतीचं गणित लोक याहून वाईट करतात. जानेवारीत सिडनी कसोटीत बुमराची पाठ धरली आणि ड्राफ्टच्या रात्री तो कधी परतणार हे कोणी सांगू शकत नव्हतं. तो घसरत घसरत चौथ्या फेरीपर्यंत आला. आता शांतपणे हिशेब मांडा. साखळीत चौदा सामने. त्यातले चार-पाच बुडाले तरी त्या सामन्यांना तुमचा राखीव गोलंदाज खेळतो, त्याचे गुण मिळतातच. नुकसान होतं ते बुमरा आणि राखीव यांच्यातल्या फरकाचं, तेही फक्त त्या चार-पाच सामन्यांपुरतं. पण हॉलमधल्या सगळ्यांनी त्याला जणू पूर्ण मोसम बाद धरलं होतं. तो पहिल्या चार सामन्यांना मुकला, ७ एप्रिलला वानखेडेवर बंगळुरूविरुद्ध परतला आणि १२ सामन्यांत १८ बळी घेऊन गेला. चौथ्या फेरीत यापेक्षा स्वस्त माल मिळत नाही. अर्थात दुखापत दुखापतीत फरक असतो. परतीचा अंदाजच नसेल तर पहिल्या दोन फेऱ्यांत हात लावू नये.

आणखी एक गोष्ट नवख्यांना कळायला वेळ लागतो. आपला नंबर आला की समोरच्यांत सर्वांत चांगला कोण, हा प्रश्न अर्धाच आहे. खरा प्रश्न असा, की माझा पुढचा नंबर येईपर्यंत काय संपणार? आठ संघांच्या उलटसुलट क्रमात पहिला उचलणाऱ्याचा पुढचा नंबर थेट सोळावा. मधल्या चौदा निवडींत वर खेळणारे यष्टिरक्षक संपून जातात, कारण दहा संघांत ते मोजकेच. मधल्या षटकांचे फिरकीपटू मात्र पाचव्या फेरीपर्यंत पुरतात. म्हणून थोडा कमी चांगला यष्टिरक्षक आधी आणि थोडा अधिक चांगला फिरकीपटू नंतर, हे कधी कधी शहाणपणाचं ठरतं.

सातत्याची किंमतही बहुतेक जण कमी लावतात. सूर्यकुमार यादवने त्या मोसमात १६ डाव खेळून ७१७ धावा केल्या आणि एकाही डावात पंचविशीच्या आत बाद झाला नाही. आमच्याकडे आठवड्यागणिक संघासंघांत सामना लागतो. तिथे एकदा शतक आणि चारदा भोपळा यापेक्षा असा माणूस सोन्यासारखा.

पैशांचं थोडक्यात सांगतो. ऑगस्ट २०२५मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणणारा कायदा केला, ड्रीम इलेव्हन कंपनीने पैशांच्या स्पर्धा बंद केल्या आणि भारतीय संघाच्या जर्सीवरून तिचं नावही गेलं. आमच्या ड्राफ्टला त्याने काही फरक पडला नाही. पण त्याआधीची वर्षं मी इमारतीत पाहिली आहेत. एकोणपन्नास रुपयांनी सुरुवात करणारी पोरं हरलेले पैसे भरून काढायला रात्री साडेसातच्या ठोक्याला अ‍ॅपवरच्या आपल्या संघाचा कर्णधार बदलत बसायची. पैसा आला की निवडीचं कारण आपोआप एकच होतं: गेले ते परत हवेत. त्या कारणाने घेतलेला एकही खेळाडू धडपणे पारखलेला मी पाहिला नाही.

शेवटची जागा मात्र मोकळी ठेवा. हे आमच्या मुलुंडच्या काकांचं शास्त्र. बाराव्या फेरीत ते कोणाला घेतच नाहीत, सामने सुरू झाल्यावर कोणाचं नशीब उघडतं ते बघतात. विरारचा आयुष म्हात्रे लिलावात कोणालाच नको होता. ऋतुराज गायकवाड जायबंदी झाला म्हणून चेन्नईने त्याला बोलावलं आणि २० एप्रिलला, सतराव्या वर्षी, वानखेडेवर त्याने पहिल्याच डावात १५ चेंडूंत ३२ केल्या. पालघरचा शार्दूल ठाकूरही न विकला गेलेलाच. लखनौचा मोहसिन खान दुखापतीने गेला आणि त्याच्या जागी शार्दूल आला. काकांनी त्याच दिवशी त्याला उचललं, कारण: ‘नवा चेंडू हाच टाकणार.’ २७ मार्चला हैदराबादेत त्याने ३४ धावांत ४ बळी घेतले. काका आठवडाभर कॉलर ताठ करून फिरत होते.

पुढे एक राखीव जागा रिकामी झाली, तिथे त्यांनी राजस्थानचा चौदा वर्षांचा वैभव सूर्यवंशी घेतला. १९ एप्रिलला जयपूरला त्याचा पहिला सामना, समोर लखनौ. त्याने आयुष्यातल्या पहिल्याच आयपीएल चेंडूवर एक्स्ट्रा कव्हरवरून षटकार मारला. गोलंदाज शार्दूल. हॉलमध्ये सगळे काकांकडे बघत होते आणि काका टीव्हीकडे.

‘आता मी टाळ्या वाजवू का कपाळ बडवून घेऊ,’ ते म्हणाले, ‘ते आधी तुमच्या नियमात बघून सांगा.’