जिंकलो, पण खेळलो का?

प्रश्न : माझा नातू इंजिनिअरिंगला आहे आणि इंग्लंडमधल्या कुठल्याशा फुटबॉल क्लबचा भक्त आहे. शनिवार-रविवारी रात्री त्याचे मित्र आमच्या बैठकीत टीव्हीपुढे ठाण मांडतात. परवा त्यांचा संघ १-० असा जिंकला. मी कौतुकाने चहा टाकला, तर पोरं सुतकी चेहऱ्याने बसलेली! वर मलाच ऐकवतात, "जीते तो क्या हुआ आजोबा, खेले कहाँ?" आम्ही हॉकी बघत मोठे झालो. हरल्यावर चिडणं समजतं, पण जिंकल्यावर रडायची ही काय नवी तऱ्हा? याला कृतघ्नपणा म्हणू नये तर काय म्हणावं?
— एक वाचक, नेपियर टाऊन, जबलपूर

उत्तर : तऱ्हा काही नवी नाही, आणि जबलपूरकर हॉकीप्रेमींनी तरी याचं नवल करू नये. तुमच्याच गावात जन्मलेल्या रूपसिंग यांनी १९३२च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये अमेरिकेविरुद्ध एकट्याने १० गोल केले. भारत २४-१ असा जिंकला. पण या सामन्याची गोष्ट निघाली की कुणीतरी हटकून विचारतंच, तो एक गोल कसा झाला? मग गोलरक्षक मैदानाबाहेर प्रेक्षकांना सह्या देत होता, हा किस्सा निघतो. चोवीस गोल बाजूला राहतात आणि एकाची चौकशी होते. तुमचा नातू याच परंपरेतला आहे.

तरीही फुटबॉलची कुरकुर अंमळ वेगळी आहे, आणि तिचं मूळ खेळाच्या हिशेबात आहे. फुटबॉलमध्ये गोल फार थोडे होतात. कतारमधल्या २०२२च्या विश्वचषकात ६४ सामन्यांत १७२ गोल झाले, म्हणजे सामन्याला तीनसुद्धा नाहीत. क्रिकेटमध्ये दिवसभरात शेकडो चेंडू पडतात, त्यामुळे एखाद्या चेंडूवर नशिबाने साथ दिली तरी बाकीचे चेंडू हिशेब बराचसा सरळ करतात. फुटबॉलमध्ये नव्वद मिनिटं एक संघ दुसऱ्याच्या गोलपुढे तळ ठोकून बसतो, चेंडू दोनदा खांबाला लागून परत येतो, आणि शेवटी समोरच्याचा एक फटका बचावपटूच्या पायाला लागून, दिशा बदलून आत जातो. निकाल १-०. मुरलेल्या प्रेक्षकाला हे पक्कं ठाऊक असतं, म्हणून तो गोलफलकाची साक्ष शंभर टक्के मानत नाही. आज वाचलो, पुढच्या शनिवारी असंच खेळलो तर मार खाऊ, असं त्याचं मन सांगत असतं. तुम्ही झालेला सामना बघता आणि तो पुढचा. चहा त्याला गोड लागत नाही तो याच धास्तीने.

ही धास्ती मोजायचं मापही आता निघालं आहे. प्रत्येक फटका कुठून, कोणत्या कोनातून, किती अडथळ्यांतून मारला हे पाहून त्याचा गोल होण्याची शक्यता किती होती, ते काढतात. पेनल्टीला साधारण पाऊण गोल धरतात, तर लांबून मारलेल्या फटक्याला पैशा-दोन पैशांइतकी किंमत. सगळ्या फटक्यांची बेरीज केली की संघाने किती गोल करायला हवे होते, ते कळतं. या मापाला इंग्रजीत 'एक्सजी' म्हणतात. नातवाला विचारा, तो तासभर बोलेल. माझं मत विचाराल तर या आकड्याने रसिकाची एक जुनी पंचाईत सोडवली. पूर्वी 'आपण वाईट खेळलो' हे नुसतं मत होतं. आता त्याला दशांश चिन्ह आलं, त्यामुळे भांडण अर्थातच वाढलं.

दुसरी गोष्ट अपेक्षेची. हक्काचं येणं वसूल झालं म्हणून कुणी सत्यनारायण घालत नाही, पण ते बुडालं तर रात्रभर झोप लागत नाही. डेव्हिड कार्ड आणि गॉर्डन डाल या अर्थशास्त्रज्ञांनी २०११ साली अमेरिकी फुटबॉलवर (तो वेगळा खेळ, चेंडूही लांबुळका) एक अभ्यास प्रसिद्ध केला. जिंकणार असं धरलेला घरचा संघ हरला, की त्या भागात पुरुषांनी घरातल्या बायकांवर हात उगारण्याच्या पोलीस नोंदी सुमारे १० टक्क्यांनी वाढत. उलट संघ अनपेक्षितपणे जिंकला, तर त्या तितक्या कमी होत नसत. चाहत्याचं मन किती एकतर्फी हिशेब करतं, आणि त्याची किंमत कधीकधी भलत्यालाच कशी मोजावी लागते, हे त्यातून दिसतं. तुमच्या बैठकीतली पोरं नुसती तोंड पाडून बसतात, हे त्या मानाने सुदैवच.

जिंकूनही कुरकुर कशी होते, याचं एक उदाहरण घ्या. २०२४च्या युरो स्पर्धेत इंग्लंडने सर्बियाला १-० हरवलं आणि कुरकुर तिथूनच सुरू झाली. मग डेन्मार्कशी १-१, स्लोव्हेनियाशी ०-० बरोबरी. गटात पहिला नंबर आला तरी कोलोनच्या मैदानावर प्रशिक्षक गॅरेथ साउथगेट यांच्या दिशेने प्लास्टिकचे पेले भिरकावले गेले. आणि हाच संघ पुढे थेट अंतिम फेरीत गेला! तिथे स्पेनकडून २-१ हरला. कुरकुर करणारे म्हणाले, बघा, आम्ही सांगत होतो. साउथगेटचे समर्थक म्हणाले, बघा, अंतिम फेरी. दोघांचंही म्हणणं पुराव्यानिशी खरं. मला विचाराल तर पेले फेकणारे चुकले, पण सामना बघून कंटाळलेले चुकले नव्हते.

रिअल माद्रिदने तर चाहत्यांची ही तक्रार कारभारातच आणली. प्रशिक्षक फाबियो कापेलो यांनी २००६-०७ची स्पॅनिश लीग जिंकून दिली. गुण बार्सिलोनाइतकेच होते, पण आपापसांतल्या सामन्यांच्या निकालावर विजेतेपद माद्रिदला मिळालं. ते मिळून दोन आठवडेही झाले नाहीत तोच क्लबने कापेलोंना नारळ दिला. कारण? खेळ रटाळ.

निकाल सोयीचा लागूनही घरच्याच माणसांनी मान खाली घातली, असा सगळ्यात गाजलेला सामना मात्र १९८२च्या विश्वचषकातला, २५ जूनचा, स्पेनमधल्या खिखॉन गावचा. पश्चिम जर्मनीने ऑस्ट्रियावर दहाव्याच मिनिटाला गोल केला. १-० हा निकाल दोघांनाही पुढच्या फेरीत नेणारा होता, आणि आदल्याच दिवशी आपला शेवटचा सामना खेळून बसलेल्या अल्जीरियाला बाहेर काढणारा. मग उरलेला वेळ दोन्ही संघ चेंडू इकडून तिकडे टोलवत राहिले. ऑस्ट्रियाच्या समालोचकाने आपल्याच प्रेक्षकांना टीव्ही बंद करायला सांगितलं. त्यानंतर १९८६च्या विश्वचषकापासून गटातले शेवटचे सामने एकाच वेळी सुरू होऊ लागले. प्रेक्षकांच्या संतापाने नियम बदलावा, हे काही रोज घडत नाही.

आता कृतघ्नपणाचं. कोल्हापूरला शाहू स्टेडियमवर पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, शिवाजी तरुण या फुटबॉल संघांचे सामने रंगतात. तिथे संघ आवडीने निवडायचा नसतो, तो पेठेबरोबर जन्मतःच पदरी येतो. म्हणूनच त्याला बोलायचा हक्कही घरच्यासारखा. परका प्रेक्षक टाळी वाजवून घरी जातो, घरचा माणूस चुका काढत बसतो. तुमच्या नातवाचा संघ हजारो मैल लांब असला तरी त्याने स्वतःला त्या पेठेत दाखल करून घेतलं आहे.

खेळाडूंना हे कळतं. २०१८च्या जूनमध्ये मुंबईत अंधेरीच्या मैदानावर भारताने चायनीज तैपेईला ५-० धुतलं, सुनील छेत्रीने हॅटट्रिक केली आणि प्रेक्षक जेमतेम अडीच हजार. दुसऱ्या दिवशी छेत्रीने एक व्हिडिओ टाकला. त्याचा आशय असा, की टीका करा, हवं तर शिव्या द्या, पण मैदानावर येऊन द्या. ४ जूनच्या केनियाविरुद्धच्या सामन्याची तिकिटं संपली, भर पावसात भारत ३-० जिंकला. पाच गोलांच्या विजयानंतर कप्तान टीकाकारांना आमंत्रण देतो, याचा अर्थ रिकाम्या खुर्च्या त्याला शिव्यांपेक्षा जास्त लागल्या होत्या.

तेव्हा पोरांना कृतघ्न म्हणू नका. पुढच्या वेळी चहा देताना "जिंकलात ना?" असं विचारू नका. "मधल्या फळीत चेंडू का टिकत नाही रे?" असं विचारून बघा. उत्तर लांबलचक येईल, तेव्हा दूध जरा जास्तच तापवून ठेवा.